तीन स्कॅनिंगवर तीन वेगळ्या तारखा. कळा कधी सुरू होणार हे सोनोग्राफीवरून खरंच कळतं का?

मलप्रभाकाठची
१६ जुलै, रात्री ९:४०

नमस्कार. धाकट्या बहिणीसाठी विचारतेय, जरा लांबलचक होईल पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही. तिचं पहिलंच बाळंतपण, सातव्यात ओटी भरून माहेरी आणलीय. आमचं गाव जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या अंगाला. पाऊस कसा लागलाय ते इकडच्यांना सांगायला नको, परवा झाड आडवं पडून रस्ता अर्धा दिवस बंद होता आणि लाईट गेली की मोबाईलची रेंज पण जाते.

आता अडचण अशी की तिच्याकडं तीन रिपोर्ट आहेत आणि तिन्हीवर तारीख वेगळी. आठव्या आठवड्यातल्या पहिल्या स्कॅनिंगवर २ ऑगस्ट, पाचव्या महिन्यातल्यावर ३० जुलै, आणि आता ६ जुलैला केलं त्यावर १९ जुलै. तायी कार्डावर (इकडं गरोदर बाईच्या नोंदीचं सरकारी कार्ड असतं ते) आशाताईंनी कानडीत लिहिलेली हेरिगेची, म्हणजे बाळंतपणाची, तारीख आणखी वेगळी, २७ जुलै. पाळी तिची आधीपासनंच मागंपुढं व्हायची. शेवटचा रिपोर्ट खरा धरला तर तीन दिवसांवर आलं की! आमचे जावई पुण्याला कंपनीत, त्यांनी तीच तारीख धरून १८ पासून रजा टाकलीय, आठ दिवसांच्या वर मिळत नाही म्हणतात.

दोनच गोष्टी विचारायच्यात. चारातली कुठली तारीख धरायची? आणि कुणीतरी सांगितलं की आतनं स्कॅनिंग करून पिशवीचं तोंड मापतात आणि कळा कधी येणार ते सांगतात, हे खरं का? आई म्हणते पोट अजून खाली उतरलं नाही, कशाला घाई. मला मात्र पाऊस वाजायला लागला की झोप लागत नाही.


उचगावची_सून
१६ जुलै, रात्री १०:०५

अगं माझं पण अगदी असंच झालेलं. शेवटच्या स्कॅनिंगवर दहा दिवस अलीकडची तारीख आली आणि ती उलटून गेल्यावर घरात सगळ्यांचे चेहरे उतरले, सासूबाई रोज सकाळी विचारायच्या काही होतंय का गे, आणि मला वाटायचं माझ्यातच काहीतरी खोट आहे. बाळ आलं ते पहिल्या रिपोर्टच्या तारखेच्या दोन दिवस आधी, एकदम व्यवस्थित. ते दहा दिवस मी रडून काढले त्याचं अजून वाईट वाटतं. इथं सोनोग्राफीच्या डॉक्टर मॅडम आहेत, त्या सांगतील नीट.


सोनोवाली_बेळगाव
१७ जुलै, सकाळी ६:५०

सेंटरला जायच्या आधी लिहितेय, घाईत काही सुटलं तर विचारा.

आधी तारखेचं. मशीनला तारीख दिसत नसते, त्याला माप दिसतं. डोक्याचा घेर, पोटाचा घेर, मांडीचं हाड, ही मापं घेतली की मशीन सरासरी काढून म्हणतं, एवढं मोठं बाळ साधारण अमुक आठवड्याचं असतं, आणि त्यावरून पुढची तारीख छापतं. आठव्या-नवव्या आठवड्यात बाळ डोक्यापासून बुडापर्यंत जेमतेम दीड-दोन सेंटीमीटर असतं आणि त्या वयात सगळी बाळं जवळजवळ एका मापाची असतात, त्यामुळं चूक झाली तर पाच-सात दिवसांची. पुढं जसजसं वय वाढतं तसं कुणी आईवर जातं कुणी बापावर, कुणी आडव्या अंगाचं कुणी बारीक, आणि २८ आठवड्यांनंतरच्या स्कॅनिंगची तारीख तीन आठवडे इकडंतिकडं होऊ शकते. तुमच्या बहिणीचं बाळ अंगानं जरा भरलेलं असणार म्हणून मशीनला ते दोन आठवडे मोठं वाटलं, बाकी काही नाही. १९ जुलै विसरा.

तायी कार्डावरची २७ जुलै ही पाळीवरून काढलेली. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस घ्यायचा, त्यात सात दिवस मिळवायचे आणि तीन महिने मागं जायचं. म्हणजे पाळी २० ऑक्टोबरला आली असणार, बरोबर ना? हा हिशोब २८ दिवसांची पाळी धरून केलेला आहे. जिची पाळी मागंपुढं होते तिला तो लागू पडत नाही. तेव्हा पहिल्या स्कॅनिंगची २ ऑगस्ट हीच धरायची आणि नंतर किती पण स्कॅनिंग झाली तरी ती बदलायची नाही. त्या हिशोबानं काल तिला ३७ आठवडे ४ दिवस झाले.

आणि २ ऑगस्टला पण बाळ येईलच असं नाही. ती ४० आठवडे, म्हणजे २८० दिवस पूर्ण व्हायची तारीख. नेमक्या त्या दिवशी जन्मणारी बाळं शंभरात चार-पाच. ३७ पासून ४१ आठवड्यांपर्यंत कधी पण कळा येऊ शकतात.

आता तोंडाचं. आपण तोंड म्हणतो पण ती खरं तर एक जाड नळी असते, गर्भपिशवीची मानच म्हणा ना. पाचव्या महिन्यात ती साडेतीन-चार सेंटीमीटर लांब आणि घट्ट असते, कळा जवळ येतील तशी मऊ होते, आखूड होते आणि आतल्या बाजूनं उघडायला लागते. स्क्रीनवर आधी इंग्रजी टीसारखा आकार दिसतो, मग वाय, मग व्ही, शेवटी यू. पोटावरनं बघायला गेलं तर शेवटच्या महिन्यात बाळाचं डोकं आड येतं, आणि लघवी तुंबलेली असली तर मान दाबली जाऊन आहे त्यापेक्षा लांब दिसते. म्हणून लघवी करून येऊन आतनं बघावं लागतं. मी तीन वेळा मापते आणि त्यातलं सगळ्यात कमी आलेलं लिहिते.

याच्यावर अभ्यास झालाय. फिलाडेल्फियाचे डॉ. व्हिन्सेंझो बर्घेला आणि त्यांच्या सोबत्यांनी २०१५ साली आधीचे पाच अभ्यास एकत्र करून ७३५ बायकांचे आकडे तपासले, सगळ्या दिवस भरत आलेल्या, एकच बाळ असलेल्या. त्यात असं निघालं की मान ३० मिलिमीटर असेल तर पुढच्या सात दिवसांत बाळंत व्हायची शक्यता निम्म्याहून कमी, आणि १० मिलिमीटर असेल तर ८५ टक्क्यांहून जास्त. म्हणजे अंदाज मिळतो, आणि बऱ्यापैकी मिळतो. पण आठवड्याचा अंदाज मिळतो, वार आणि तास मिळत नाही.


निपाणीकर_बाबा
१७ जुलै, दुपारी १:१५

मॅडमनी लिहिलंय ते दोन वर्षांपूर्वी मला कुणी सांगायला हवं होतं. मी पण शेवटच्या रिपोर्टवरची तारीख खरी धरून बसलो, मुंबईहून रजा काढून आलो, नऊ दिवस घरात बसून राहिलो, बायकोला दर तासाला विचारायचो दुखतंय का. तिच्यावर त्याचं किती दडपण येत असेल हे त्यावेळी लक्षातच आलं नाही. आम्ही जिथं नाव घातलं होतं तिथं विचारलं तर तारीख उलटलीय, वाटल्यास सिझर करू असं उत्तर मिळालं, पहिल्या रिपोर्टकडं कुणी बघितलंच नाही. सासऱ्यांनी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले अजून ३९ पण पूर्ण नाहीत. रजा संपून मी परत गेलो आणि अकराव्या दिवशी मुलगा झाला. व्हिडिओ कॉलवर बघितला मी त्याला पहिल्यांदा. तुमच्या जावयांना हा धागा वाचायला द्या ताई.


शहापूरच्या_काकू
१७ जुलै, दुपारी ४:३०

मी लेबर वॉर्डात सिस्टर म्हणून तीस वर्षं काढली, रिटायर होऊन चार झाली. मॅडम शिकलेल्या आहेत, त्यांचं खोटं नाही, पण हाताची तपासणी पण विसरू नका. तोंड किती उघडलंय, किती पातळ झालंय, मऊ की कडक, पुढं आलंय की मागंच आहे, डोकं किती खाली उतरलंय, या पाच गोष्टी बोटांनी बघून मार्क देतात, बिशप स्कोअर म्हणतात त्याला, १९६४ पासून चालत आलेला. कळा यायच्या औषधाला पिशवी तयार आहे का ते त्याच्यावरनं ठरवतात.

आणि दुसरेपणाला सगळंच वेगळं. दोन बोटं तोंड उघडलेलं घेऊन बाई पंधरा दिवस भाकऱ्या थापत हिंडते, आणि कळा लागल्या की दोन तासांत मोकळी पण होते. पहिलटकरणीला वेळ लागतो.

पण बाळ, मला तुझ्या मापापेक्षा तुझ्या रस्त्याची काळजी वाटूलालीय. जांबोटीच्या पुढनं एरवी तासभर, पावसात किती ते देव जाणे. ३७ संपले की बेळगावात किंवा निदान खानापुरात कुणाकडं तरी आणून ठेव तिला. मावशी, आत्या, कुणी असेल की. तिथनं मग मापं काढत बसा निवांत. आणि कुठलं पण माप येऊ दे, पाणी गेलं, लाल गेलं, पोट दर पाच-सात मिनिटांनी दगडासारखं घट्ट होऊन सुटूलालंय, डोकं फोडल्यासारखं दुखून डोळ्यांपुढं अंधारी आली, नाहीतर बाळ रोजच्यापेक्षा कमी हललं, तर रिपोर्ट बाजूला ठेवून निघायचं. १०८ ला फोन लावायचा, रेंज नसली तर कुठं मिळते ती जागा आजच बघून ठेवायची.


सीमेपलीकडची
१७ जुलै, रात्री ८:५०

मी चंदगडची. मला एक पटत नाही. काकू म्हणतात तसं पोरीला शहरात आणूनच ठेवायचं असेल तर मग हे आतलं स्कॅनिंग कशाला? खर्च आहे, पोरीला अवघडल्यासारखं होतं, आणि ३० आलं तर निम्म्याहून कमी, म्हणजे येणार की नाही ते काही कळत नाहीच. आपल्याकडं आधीच नवव्या महिन्यात दर आठवड्याला स्कॅनिंग करायची सवय लागलीय. पाणी बघा, नाळ बघा, वजन बघा. माझ्या वहिनीला नाळेचा एक वेढा आहे म्हणून चार दिवस घरात सुतक असल्यासारखं झालं होतं, बाळ झालं तर एकदम ठणठणीत.


सोनोवाली_बेळगाव
१७ जुलै, रात्री १०:२०

तुमचं म्हणणं बरोबरच आहे, मी स्वतः प्रत्येकीला हे करा म्हणत नाही. सगळं सुरळीत असेल, दवाखाना वीस मिनिटांवर असेल, तर या मापानं काहीच बदलत नाही, नाही केलं तरी चालतं. उपयोग होतो तो जिथं काहीतरी ठरवायचं असतं तिथं. लांबचा रस्ता, नवरा परगावी, आधीचं सिझर आहे आणि या वेळी नॉर्मलची वाट बघायची आहे, किंवा ४१ आठवडे होत आलेत आणि थांबायचं की कळांचं औषध द्यायचं असा प्रश्न आहे.

नाळेचा वेढा चार-पाच बाळांमागं एकाला असतोच, बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही. रिपोर्टवर डोकं खाली लिहिलंय म्हणजे कळा जवळ आल्या असं पण नाही, ते कित्येकींचं आठव्यातच खाली येतं. आणि वार म्हणजे प्लासेंटा पिकली, ग्रेड तीन लिहिलंय, याचा कळा सुरू होण्याशी संबंध नाही. हे तीन शब्द वाचून घाबरलेल्या बायका मी रोज बघते.


मलप्रभाकाठची
१८ जुलै, सकाळी ११:१०

सगळ्यांचे मनापासून आभार. निपाणीच्या दादांचं काल रात्री जावयांना फोनवर वाचून दाखवलं, ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले रजा पुढं ढकलतो. बहिणीला मात्र आतल्या स्कॅनिंगची भीती वाटतेय, बाळाला धक्का लागेल, पाणी फुटेल असं तिच्या मनात बसलंय. तिला काय सांगू?


उचगावची_सून
१८ जुलै, दुपारी १२:००

माझं केलेलं पाचव्या महिन्यात. प्रोब बोटापेक्षा थोडा जाड असतो, त्यावर कंडोम आणि जेली. गार लागतं आणि अवघडल्यासारखं होतं, दुखत नाही. प्रोब तोंडाच्या अलीकडंच थांबतो, बाळापर्यंत जातच नाही. मला मॅडमनी विचारलं होतं स्वतः हातात धरून घालणार का, तसं केल्यावर भीतीच गेली. दाराला कडी लावायला सांग, आई जवळ थांबू दे, आणि दुखलं तर थांबा म्हणायचं. आधार कार्ड न्यायला विसरू नका, कायद्यानं लागणारा फॉर्म एफ भरल्याशिवाय गरोदर बाईचं स्कॅनिंग करत नाहीत.


मलप्रभाकाठची
२० जुलै, संध्याकाळी ७:२५

आज झालं. ३८ आठवडे १ दिवस. मान ३१ मिलिमीटर, बंद, बाळाचं वजन अंदाजे साडेतीन किलो, पाणी व्यवस्थित. डॉक्टर म्हणाले या आठवड्यात होईल असं वाटत नाही. ऐकून घरात सगळ्यांनी श्वास सोडला, आई तर म्हणाली चला मग परत घरी, पहिल्या तारखेला येऊ. मी अडून बसले काकू, तुमचं ऐकलं. परत गावाकडं नेलं नाही, अनगोळला मावशीकडं ठेवलीय. आई थोडी रागावलीय कारण लेकीची खोली तिनं सारवून, बाजेला नवी सुतळी विणून तयार ठेवली होती. जावई आता २९ ला येणार.


शहापूरच्या_काकू
२० जुलै, रात्री ८:०५

शहाणी आहेस. आईला म्हणावं बाळंतीण त्याच बाजेवर झोपणार आहे की, चार दिवस उशिरा. पिशवी भरून दाराजवळ ठेव. तायी कार्ड, सगळे रिपोर्ट पहिल्यापासनं, रक्तगटाचा कागद, जुन्या सुती साड्यांचे तुकडे धुऊन उन्हात वाळवलेले. ऊन नसलं तर इस्त्री फिरव.


मलप्रभाकाठची
२७ जुलै, दुपारी ३:५०

लिहायला उशीर झाला, हात रिकामा नव्हता. मुलगी झाली.

२४ तारखेच्या पहाटे अडीचला बहिणीनं मला हलवून उठवलं, ताई माझं अंथरूण भिजलंय म्हणाली. मी टॉर्च लावून बघितलं, पाणी पांढरंच होतं, हिरवट नव्हतं, मग थोडा धीर आला. रिक्षातनं पंधरा मिनिटांत दवाखान्यात पोचलो. जावयांना फोन केला तेव्हा ते झोपेत होते, त्यांना पटेचना, म्हणाले या आठवड्यात नाही म्हणाले होते ना. तसेच गाडी करून पुण्याहून निघाले, साडेनऊला पोचले आणि अकरा वाजून वीस मिनिटांनी बाळ झालं. नॉर्मल, तीन किलो शंभर ग्रॅम. साडेतीन म्हणाले होते ना, त्यापेक्षा चारशे ग्रॅम कमी.

त्याच रात्री आमच्या गावाजवळच्या ओढ्यावर पाणी आलेलं. बाबांचा फोन सकाळी नऊनंतर लागला, ते म्हणाले पहाटे इथनं निघताच आलं नसतं.

स्कॅनिंग चुकलं असं मला वाटत नाही. निम्म्याहून कमी असं स्वच्छ सांगितलं होतं, ते आम्ही नाही असं ऐकलं, जावयांनी पण आणि खरं सांगायचं तर मी पण. त्या तीन रात्री मी पहिल्यांदा गाढ झोपले होते. चौथ्या दिवशी कळा आल्या.

बाळ आत्ता माझ्या मांडीवर आहे, मूठ उघडून माझं बोट धरलंय, नखं इतकी लांब आहेत की आल्या दिवशी गाल ओरबाडून घेतला होता.


निपाणीकर_बाबा
२७ जुलै, संध्याकाळी ६:१०

अभिनंदन ताई. बाप वेळेवर पोचला हे वाचून फार बरं वाटलं.


नंदगडची_लेक
२ ऑगस्ट, रात्री ८:१५

नमस्कार, मी गुपचूप वाचत होते, आज विचारतेच. मला आता ३३ आठवडे चालू आहेत. काल स्कॅनिंग झालं, त्यात मानेची लांबी १४ मिलिमीटर लिहिलंय. वरचं वाचून वाटलं १० च्या वर आहे म्हणजे अजून थोडा वेळ आहे. कंबर कालपासून थांबून थांबून दुखतेय आणि पोट मधनंच गच्च होतं, सासूबाई म्हणतात बसून काम केल्यानं असेल. सोमवारी डॉक्टरांना दाखवायचं ठरलंय. तोवर काय काळजी घेऊ?


सोनोवाली_बेळगाव
२ ऑगस्ट, रात्री ८:२२

सोमवारपर्यंत थांबू नका, आत्ता निघा. वर लिहिलेले आकडे दिवस भरलेल्या बायकांचे आहेत, ३७ आठवडे पूर्ण झाल्यानंतरचे. ३३ व्या आठवड्यात १४ मिलिमीटर आणि सोबत पोट गच्च होणं म्हणजे कळा वेळेआधी सुरू व्हायची भीती असते. आता गेलात तर बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनं देता येतात, ३४ आठवड्यांच्या आत ती फार उपयोगी पडतात, आणि त्यांना काम करायला वेळ लागतो. जिथं कमी दिवसांच्या बाळांसाठी काचेची पेटी आणि बाळांचे डॉक्टर आहेत अशाच ठिकाणी जा. माझीच चूक, हे मी पहिल्या दिवशी ठळक लिहायला हवं होतं.


शहापूरच्या_काकू
२ ऑगस्ट, रात्री ८:२६

१०८ लाव बाळ, दुचाकीवर बसू नकोस. डाव्या कुशीवर झोपून जा. रिपोर्ट आणि तायी कार्ड हातात घे. सासूबाईंना सांग काकूंनी सांगितलंय म्हणून. निघालीस की दोन अक्षरं टाक.


नंदगडची_लेक
२ ऑगस्ट, रात्री ८:५८

निघालोय. बेळगावला नेतायत. सासूबाई सोबत आहेत.


सोनोवाली_बेळगाव
३ ऑगस्ट, सकाळी ६:१०

काही कळलं का?


नंदगडची_लेक
३ ऑगस्ट, दुपारी २:४०

ॲडमिट केलंय. तोंड एक बोट उघडलेलं निघालं. इंजेक्शनं बारा-बारा तासांनी चार आहेत, दोन झाली, तिसरं आज रात्री. कळा थांबायच्या गोळ्या चालू आहेत, गच्च व्हायचं प्रमाण पहाटेपासून कमी झालंय. पोटाला पट्टा बांधून बाळाचे ठोके लावून ठेवलेत, सासूबाई खुर्चीवर बसून तेच ऐकतायत, जेवायला पण उठल्या नाहीत.